नुसतं हन्नाबी

पप्पा कुठल्याही नबीचं नाव मोकळं घेत नसत. मोशेच्या मागे रब्बेनू, अव्राहामच्या मागे अवीनू, एलियाहूच्या मागे हन्नाबी. लहानपणी एकदा जेवताना मी नुसतं 'मोशे' म्हटलं, तर घास हातात तसाच धरून ते म्हणाले, "मोशे काय तुझ्या वर्गात आहे? रब्बेनू म्हण. आमचे गुरू." अवीनू म्हणजे आमचे पिता आणि हन्नाबी म्हणजे संदेष्टा, हेही मी असंच जेवता जेवता शिकले. आम्ही अलिबागकडचे बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू. हिब्रू प्रार्थनेपुरती, बाकी सगळं मराठीत.

सन दोन हजार उलटल्यावर भायखळ्याची खोली विकून आम्ही मीरा रोडला पूनम सागर कॉम्प्लेक्समध्ये आलो. शेजारच्या काकांनाही पप्पांनी हे सगळं समजावून सांगितलं होतं. "आमच्याकडे संतांना महाराज म्हणतात, तसंच की," काका म्हणाले होते. पप्पांना ते पटलं.

मग पप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. काशीमीऱ्याच्या हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा त्यांना सगळं समजत होतं, बोलता मात्र येत नव्हतं. व्यायाम करवायला एक मुलगी यायची. एका दुपारी तिने विचारलं, "अंकल, पानी चाहिए?" आणि पप्पा स्पष्ट म्हणाले, "हन्नाबी."

आई स्वयंपाकघरातून धावत आली. आम्ही दोघी रडलो. वाटलं, एक शब्द आला, आता बाकीचे येतील.

बाकीचे आलेच नाहीत. चहा हवा तरी हन्नाबी, पाय दुखला तरी हन्नाबी. त्याची आम्हाला सवय झाली. पण पुढे ते वेगळंच काहीतरी मागायला लागले. डाव्या हाताने माझं मनगट घट्ट धरायचे, दाराकडे बघायचे आणि म्हणायचे, "हन्नाबी. हन्नाबी." चहा नाही, बाथरूम नाही, खाली जायचं नाही. मी एकेक विचारत जायची, ते नाही म्हणून मान हलवत राहायचे.

आई म्हणाली, "मलिदा मागतायत. आपण नवस बोललो नाही ना."

मला ते पटलं, कारण दुसरं काही सुचतच नव्हतं. मलिदा हा आमचा नवसाचा प्रसाद, तो एलियाहू हन्नाबीच्या नावानेच करतात. ठाण्याहून नातेवाईक आले, प्रार्थना म्हणणारे हज्जान आले. आईने गूळखोबरं घालून पोहे कालवले, ताटात फळं मांडली. हन्नाबीचं गाणं सुरू झालं आणि पप्पा गायला लागले. अडखळत नाही, सबंध कडवं, सगळे शब्द. आईने माझा हात दाबला.

गाणं संपलं. हज्जान त्यांच्याजवळ वाकून म्हणाले, "आता बरं वाटतंय ना, काका?"

पप्पांनी तोंड उघडलं. ओठ खूप वेळ हलले. "हन्नाबी," ते म्हणाले, आणि पुन्हा दाराकडे बघून रडायला लागले. ताट भरलेलं होतं, माणसं बसलेली होती, आणि कुणाला काय करावं ते कळेना.

त्यानंतर मी खूप प्रयत्न केले. जुने फोटो दाखवले, गावची नावं घेतली, त्यांच्या भावाला फोन लावून तो त्यांच्या कानाला धरला. होकाराची मान हललीच नाही. हळूहळू त्यांनी माझं मनगट धरणं सोडलं. पुढे पुढे मीच जवळ बसून विचारायची, "पप्पा, काय हवंय?" आणि ते भिंतीकडे तोंड करायचे. त्यांचा राग मला चालला असता. ते थकले होते. पुढच्या हिवाळ्यात गेले.

आई अजूनही मधेच म्हणते, "गावाला जायचं असेल त्यांना."

"असेल," मी म्हणते.