मुलाखतीतलं गाऱ्हाणं

देवरूखच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा बाबांनी माझी बॅग वर ठेवली, खाली उतरले आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "पोचलीस की फोन कर. माजा नाय लागला तर शेजारच्या शांताकाकीच्या फोनवर कर." बाबांनी उभी हयात मुंबईत एका गोदामात काढली. सणाला यायचे, आणि परत जाताना त्यांना सोडायला आई याच स्टँडवर यायची. आई गेली, बाबा कायमचे गावी आले, आणि वर्षभरात मीच निघाले. सगळ्यांनी एका वेळी घरात असावं हे आमच्या नशिबात लिहिलेलंच नाही.

खरं सांगते, मला निघायचं नव्हतं. गावी राहिलेल्या तुम्हा मंडळींना वाटतं, पोरीला पुण्याची हौस. हौस कसली डोंबलाची! बंगळुरूच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत माझ्या मुलाखतीच्या दोन फेऱ्या पार पडल्या होत्या, शेवटची तेवढी राहिली होती, आणि ती नोकरी कायम घरून करायची होती. ती मिळाली असती तर मी बाबांना सोडून कुठे जाणार नव्हते. हे बाबांना माहीत होतं, आणि म्हणूनच पुढचं सगळं झालं.

आमच्या घरात रेंज फक्त ओटीच्या खिडकीशी येते. व्हिडिओवरच्या मुलाखतीसाठी मी तिथे टेबल मांडलं. मुलाखतीच्या दिवशी बाबांनी सकाळपासून सगळी वाडी गप्प केली. कोंबड्या झाकल्या, कुत्रा लांब नेऊन बांधला, शेजारच्या शांताकाकींना मिक्सर लावू नका म्हणून बजावलं. आणि मुलाखत सुरू झाल्यावर स्वतः आत देवापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं.

शहरात वाढलेल्यांसाठी सांगते. आपल्याकडे देवाला गाऱ्हाणं मनातल्या मनात घालून चालत नाही. ते मोठ्याने घालायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी होकार द्यायचा. म्हणून बाबांनी शांताकाकींना आणि त्यांच्या यजमानांना आत बोलावून घेतलं होतं. कोंबडीचा आवाज म्हणजे अडथळा, पण गाऱ्हाणं म्हणजेही आवाजच, असं त्यांच्या मनाला शिवलंसुद्धा नाही. त्यांच्या लेखी तेही मुलाखतीचंच काम होतं, अर्धं मी करत होते, अर्धं ते.

समोरच्या साहेबांनी एक अवघड प्रश्न विचारला. मी विचार करायला थांबले, आणि मागून बाबांचा आवाज आला, "बाय माजी आज परीक्षेला बसलीय, तिच्या वाटेत कुणाची आडकाठी आसंल तर ती दूर कर रे म्हाराजा." नेमकं तेव्हाच मला उत्तर सुचलं. मी ते सांगून संपवलं, आणि आतून तिघांनी एका सुरात म्हटलं, "व्हय म्हाराजा."

साहेबांना मराठीचा गंध नव्हता. त्यांना एवढंच दिसलं की मी गप्प झाले, मागून कुणीतरी बोललं, मग मी बरोबर उत्तर दिलं आणि मागच्यांनी ते पसंत केलं. त्यांनी मला कॅमेरा खोलीभर फिरवायला सांगितला. मी कॅमेरा आतल्या दाराकडे वळवून दाखवलं: नारळ, हात जोडलेले बाबा, डोळे मिटलेल्या काकी. इंग्रजीत समजावताना माझी बोबडी वळली. ते सभ्यपणे ऐकत होते. दोन दिवसांनी नकार आला, आणि फोन करून विचारलं तेव्हा कळलं की मला बाजूने कुणीतरी उत्तरं सांगत होतं असं त्यांचं मत झालंय.

बाबांना मी म्हटलं, जागाच भरली. खरं कारण फक्त शांताकाकींना सांगितलं आणि कुणाला सांगू नका म्हणून शपथ घातली. काकींना शपथ घालणं म्हणजे मांजरीला दुधाची राखण देणं, पण मलाही कुणापाशी तरी बोलायचं होतं.

मग पुण्यात ऑफिसात जाऊन करायची नोकरी मिळाली, आणि आता मीच मुलाखती घेते. दुसरा आवाज आला तर कॅमेरा फिरवायला सांगायचा, हा आमच्याकडेही नियम आहे. मध्यंतरी आमच्याच जिल्ह्यातल्या केळशीचा एक मुलगा होता. चांगला बोलत होता, आणि मागे कुणीतरी खोकलं. माझ्या शेजारी बसलेल्या सहकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी नियमाप्रमाणे सांगितलं. मुलाने कॅमेरा फिरवला, तर भिंतीला चिकटून त्याची आई उभी, पदर तोंडात कोंबलेला. तिने आम्हाला हात जोडले. मुलगा निवडला गेला, आता तोही केळशी सोडून इथे येईल.

या मे महिन्यात आठवडाभर लॅपटॉप घेऊन गावी गेले. सकाळी लॅपटॉप उघडला की बाबा पंचा डोक्याला गुंडाळून बाहेर पडायचे आणि आवाराच्या चिऱ्याच्या गडग्यावर, त्या बुटक्या दगडी भिंतीवर, जाऊन बसायचे. मला वाटलं, सवय असेल. तिसऱ्या दिवशी ऊन इतकं कडक होतं की मी काम टाकून बाहेर गेले आणि म्हटलं, "बाबा, आत चला. मुलाखत नाही चाललेली, नुसतं काम आहे."

ते हलले नाहीत. खाली बघत म्हणाले, "नको, बाय. माज्या तोंडामुळं एकदा गेली तुजी नोकरी."

मी त्यांना खूप सांगितलं. नोकरी दुसरी मिळाली, चांगली मिळाली, चूक त्या साहेबांची होती. त्यांनी सगळं ऐकलं, मान डोलावली, आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडल्याबरोबर पंचा उचलला.

पुण्यातले लोक विचारतात, गावी घर आहे ना तुमचं? आहे. मी तिथे पोचले की माझे बाबा त्यातून बाहेर जाऊन बसतात.