पाच फोनांचा पंचनामा

ती घटना आठवली की आजही माझा हात आधी खिशातल्या चष्म्याकडे जातो. त्या दिवशी तो घरी टीव्हीशेजारी राहिला होता. एक दिवस चष्मा नसला तर पोलीस निरीक्षकाचं काय अडतंय, असं मला वाटलं.

सोलापुरातल्या आमच्या ठाण्यात एक तरुण बाई आली. नवरा मस्कतला नोकरीला. तिला तिकडे नेण्याची कागदपत्रं तयार होत आली होती, तेवढ्यात त्याला अनोळखी नंबरवरून तिच्या एका व्हिडिओची लिंक आली. त्यानं ती लिंक तिला पाठवली, "बघ तुझे प्रताप" म्हणाला आणि बोलणंच बंद केलं. तिच्या फोनवर मात्र नुसता काळा पडदा.

"साहेब, मी केलंय तरी काय, ते मला बगू तर द्या की!"

मी लिंक उघडली. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक बारीक ओळ. ती वाचायची सोडून मी हवालदाराचा, रायटरचा, दिसेल त्याचा फोन मागवला. पाचही फोन काळे. पाच पंच एकच बोलले की पंचनामा पक्का! ठाणे दैनंदिनीत नोंद करवली, 'व्हिडिओ अस्तित्वात नाही.' तिथंच थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मी नवऱ्याला फोन लावून दम भरला, "बायकोवर नसते आळ घेऊ नका." त्यानं तर व्हिडिओ डोळ्यांनी पाहिलेला. बायकोनं पोलीसही फितवले, अशी त्याची खात्रीच झाली. संध्याकाळी सासऱ्यांनी तिला माहेरी, दुधनीला नेऊन सोडलं.

आठवड्यानं घरी आमची ही मोबाईलवर चिडलेली. दुबईतल्या भाच्यानं स्वयंपाकाचा कुठला कार्यक्रम पाठवला होता.

"त्याला दिसतंय, आणि मला म्हणे तुमच्या देशात उपलब्ध नाही. आपण काय घोडं मारलंय?"

तोच काळा पडदा. चष्मा लावून ती बारीक ओळ वाचली आणि ठाण्यातल्या पाच फोनांवरची न वाचलेली ओळ आठवली.

भाच्याला मस्कतची लिंक पाठवली. तिकडे ती लगेच उघडली. त्यानं दुसऱ्या फोननं पडद्याचं चित्रीकरण करून पाठवलं. हळदीत ती एका पुरुषाचा हात धरून नाचत होती. त्याचा चेहरा पुसलेला, खाली घाणेरडा मजकूर.

तिला फोन केला. ती म्हणाली, "माजा सख्खा भाऊ हाय तो! त्याचीच तर हळद."

"सासरचं कोण आलं होतं?"

"धाकटे दीर."

इथं लपवायचं आणि तिकडे दाखवायचं, म्हणजे ज्याची अब्रू इथं आहे असाच माणूस. दिराला बोलावलं, चहा पाजला आणि सहज म्हणालो, "अख्खं सोलापूर बघतंय रे तुझ्या वहिनीचा व्हिडिओ."

"कसं बगतील? भारतात तर मी बंद..." तो मधेच थांबला.

मग सगळं बाहेर आलं. वहिनी मस्कतला गेली की आजारी आईचं सगळं त्याच्या गळ्यात पडणार होतं. "गावात बदनामी नको म्हनून हितं बंद ठेवला, साहेब. आपलंच घर हाय की."

फोन जप्त करून सायबर शाखेकडे पाठवला, गुन्हा नोंदवला, नवऱ्याला कळवलं. तो फोनवरच रडायला लागला. एकाच खिडकीत उभे केलेले पाच साक्षीदार म्हणजे एकच साक्षीदार, हे मला इतक्या नोकरीनंतर कळलं.

माफी मागायला दुधनीला गेलो. तिनं चहा दिला आणि शांतपणे विचारलं, "म्हंजे तुमाला दिसलं तवा मी खरी ठरले व्हय, साहेब?"

घरी येऊन हिला म्हणालो, "त्या दिवशी चष्मा असता तर एवढं झालं नसतं गं."

ती भाकरी थापता थापता म्हणाली, "चष्मा घरी राहिला होता. कान तर बरोबर नेले होते ना?"