बांगड्याच्या वाट्याचा बर्फ

दादा गेला त्या दिवशी अख्खा मासळी बाजार दारात आला होता. चपला काढायला जागा नव्हती. आणि जो तो एकच बोलत होता, बांगडा खावा तर त्याच्याच ओट्यावरचा, तसा परत मिळायचा नाही. अरे मग तो जिवंत होता तेव्हा कुठं गेली होती तुमची जीभ? तेव्हा तर नाकाला रुमाल लावून पुढं जात होतात. माणूस मेला की त्याचा मासा लगेच गोड लागतो काय?

सगळ्यात मोठ्यानं कोण रडत होता, तर धाकटा. दादाचा सख्खा भाऊ. त्याचं रडणं ऐकून वहिनी जी आत गेली ती बाहेर आलीच नाही. बायका म्हणाल्या, धक्का बसलाय बिचारीला. धक्का कसला डोंबलाचा, तिला त्याचं तोंड बघायचं नव्हतं.

का नव्हतं, तेच सांगायचंय. नाहीतर आता सगळे मिळून दादाची वेगळीच गोष्ट करून टाकतील.

बाजारात वडिलांचा एक ओटा. सिमेंटचा, वर पांढऱ्या फरशा, मध्ये एक लाकडी पट्टी ठोकलेली. वडील गेले आणि पट्टीच्या अलीकडे दादा, पलीकडे धाकटा असं झालं. धाकटा पापलेट ठेवायचा. दादा फक्त बांगडा. दुसरा मासा त्यानं कधी ओट्यावर घेतला नाही. लोक त्याला हाकच मारायचे, ए बांगडा. तोही ओ द्यायचा. बुटका, रुंद, हात हे एवढे, आणि अंगठा चपटा झालेला मासा दाबून दाबून.

धाकटा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बसायचा. मासळी बाजारात इस्त्री! वहिनी त्याला मागे पापलेट म्हणायची. पुढे मात्र भाऊजी.

दोघांचं भांडण एकाच गोष्टीवरून, बांगडा खाण्यालायक मासा आहे की नाही. रोज सकाळी सुरू. गिऱ्हाईक समोर उभं असलं तरी चालू.

"दादा, एक खरं सांग," धाकटा म्हणायचा, "तो खाल्ल्यावर दोन दिवस हात नाकाशी नेता येतो का? साबण संपतो, वास संपत नाही."

"मासा खाल्ला तर कळलं पाहिजे मासा खाल्ला. तुझं पापलेट खाऊन माणूस विचारतो, जेवण झालं का माझं?"

"काळं मांस असतं त्यात. तेल सुटतं नुसतं."

"त्या तेलातच चव आहे. मीठ लाव, तव्यावर टाक, वरून काही घालायची गरज नाही. तुझ्या पापलेटला मसाल्याचा कोट घातल्याशिवाय बाहेर काढता येत नाही, लग्नात नवरदेव सजवल्यासारखं."

गिऱ्हाइकं हसायची आणि पापलेट घेऊन जायची. कामगारांच्या बायका तेवढ्या सकाळी सकाळी येऊन दादाकडून घ्यायच्या, त्यांच्या घरी बांगडा आवडायचा. दुपारी ऑफिसातले लोक यायचे, ते मात्र दादाच्या बाजूला आले की तोंड वाकडं करायचे. आणि खोटं का बोला, दुपारी वास यायचा.

पण तो वास बांगड्याचा नव्हता. तो बर्फाचा होता, म्हणजे नसलेल्या बर्फाचा.

बाजाराचा नियम असा की एका ओट्याला रोज एक लादी बर्फ. ती फोडून चुरा करायचा आणि पेटीत भरायचा. त्या पेटीत फावडं पहिल्यांदा कुणी घालायचं हे वडिलांनी ठरवून दिलं होतं. महाग माशाला आधी. त्यांच्या वेळी महागडा मासा दोन दोन दिवस ओट्यावर पडून असायचा म्हणून असेल. ते गेले, नियम राहिला. रोज धाकटा पेटी उघडणार, वरचा कोरडा चुरा पापलेटवर पसरणार. मग दादा खाली हात घालून उरलेलं काढणार. त्यात अर्धं पाणीच.

आता बांगडा हा असा मासा आहे की तो समुद्रातून बाहेर आला की लगेच उतरायला, म्हणजे खराब व्हायला लागतो. पापलेट दुपारपर्यंत दम काढतं, बांगडा नाही काढत. म्हणजे बर्फ आधी लागतो तो त्याला. हे दादाला माहीत नव्हतं असं नाही, त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. पण वडिलांनी घालून दिलेलं मोडायचं नाही. आमच्या घरात हा एक मूर्खपणा सगळ्यांच्यात आहे. वडील बोलले की संपलं, मग ते मरून राख झाले तरी.

वहिनी बोलायची, "अहो, एक दिवस तुम्ही आधी घाला फावडं. आकाश कोसळणार आहे का?"

"बाबांनी सांगितलंय."

"बाबांना बांगडा आवडत नव्हता म्हणून सांगितलंय."

खरंच आवडत नव्हता त्यांना.

मग एकदा धाकट्यानं विषय काढला. म्हणाला, दादा, तुझ्या वासानं माझं गिऱ्हाईक तुटतं, सगळा ओटा मला दे, तू मासे कापून दे गिऱ्हाइकांना, तुझा हात चांगला आहे. असं सख्ख्या भावाला, सगळ्यांच्या देखत. दादाचे कान लाल झाले. त्याच वेळी गोदीतल्या कामगारांच्या कॅन्टीनचा आचारी बाजारात फिरत होता, त्याला आठवड्यातून एकदा सगळ्यांना मासा द्यायचा होता. दादानं त्याला हाक मारली आणि म्हणाला, माझा बांगडा घ्या. आचारी म्हणाला, बघू, शुक्रवारी दुपारी येतो, माल आवडला तर दर आठवड्याला तुमच्याकडून.

धाकट्यानं तिथंच पकडलं.

"ठरलं मग. त्यानं घेतला तर मी कायमचा गप्प. नाही घेतला तर या ओट्यावर परत बांगडा दिसायचा नाही. तुझा अर्धा मला."

"ठरलं," दादा म्हणाला.

"अहो!" वहिनी ओरडली. डबा घेऊन आली होती ती.

"वहिनी साक्षीला आहेत," धाकटा म्हणाला. दात काढून. ते दात अजून डोळ्यांसमोर आहेत.

शुक्रवारी दादानं लिलावात असा माल उचलला की बाजार बघत राहिला. डोकं धरून आडवा धरला तर शेपूट खाली वाकत नव्हती, एवढा ताठ. कल्ले लालभडक. पाठीवरचे पट्टे ओले, चमकणारे. दादा खूश होता, शीळ घालत होता म्हणे. त्याला शीळ घालताना आम्ही कुणी कधी ऐकलं नव्हतं.

आणि त्याच दिवशी बर्फाच्या कारखान्यात काहीतरी बिघडलं. एका ओट्याला अर्धीच लादी आली.

धाकट्यानं पेटी उघडली आणि फावडं घातलं. एकदा, परत, परत. पेटीच्या तळाला फावडं खरवडल्याचा आवाज येईपर्यंत. पापलेटं पांढऱ्या गादीवर झोपवल्यासारखी. दादाच्या वाट्याला तळाचं गार पाणी.

वहिनी त्या दिवशी मुद्दाम बाजारात बसली होती. तिनं फावडं उचलून दादाच्या हातात दिलं. "घाला. त्याच्या ओट्यावरचा काढा आणि घाला आपल्या माशावर. आजच्या दिवस."

दादानं फावडं धरलं. धरून उभा राहिला. धाकटा शर्टाच्या बाह्या सारख्या करत दुसरीकडेच बघत होता, जसं काही त्याचा संबंधच नाही.

"दादा," तेवढं म्हणाला तो, "बाबांनी घालून दिलेलं आहे."

दादानं फावडं खाली ठेवलं.

वहिनी त्या जागेवरून उठून घरी निघून गेली. तिनं सांगितलंय, आयुष्यात नवऱ्याचा एवढा राग कधीच आला नव्हता.

दुपारी आचारी आला. ऊन आत आलं होतं. दादानं एक बांगडा उचलला, अंगठ्यानं दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. कल्ला उचलून बघितला, तपकिरी. त्यानं मासा खाली ठेवला आणि त्याच्यावर ओलं फडकं टाकलं.

"आज नाही," तो म्हणाला.

"अहो, मी गाडी घेऊन आलोय," आचारी म्हणाला. "थोडा इकडं तिकडं असेल तर असू दे. तिखट जास्त टाकतो. कामगार माणसं, कुणाला कळतंय?"

"जीभ चुरचुरेल त्यांची. तोंडाला खाज सुटेल. उतरलेला बांगडा पोटात जाऊ द्यायचा नसतो."

"मग चांगला ठेवायचा होता ना. उगाच हेलपाटा."

दादानं फडक्याची कडा सारखी केली. बोलायला काय, पलीकडे दोन हातांवर सगळा बर्फ पडलेला होता. बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. नाही दाखवलं. आचारी वळला आणि त्यानं धाकट्याकडून पापलेट नेलं. दर आठवड्याला न्यायला लागला.

दुसऱ्या दिवशी धाकट्यानं मधली पट्टी उखडून टाकली.

त्यानंतर दादा त्याच ओट्याच्या कडेला, खाली पाटावर बसून दुसऱ्यांचे मासे कापत राहिला. बादलीतल्या पाण्यात हात. घरी आला की बोटं मिटायची नाहीत, वहिनी गरम पाण्यात धरून ठेवायची. घरात मात्र बांगडा यायचा, सकाळी लवकर, दुसऱ्याच कुणाच्या टोपलीतून. तव्यावर टाकला की सगळी बिल्डिंग खिडक्या लावायची. दादा जेवताना म्हणायचा, सांगा आता, खाण्यासारखा नाही हा? त्याला कुणीच नाही म्हणत नव्हतं. पण तो विचारायचाच. शेवटी छातीत कफ भरला, खोकला गेला नाही, दादाच गेला.

आणि आता खरी गंमत. दादा जाऊन थोडे दिवस होतायत तोवर डॉक्टर लोक सगळ्यांना सांगायला लागले की तेलकट मासा खा, हृदयाला चांगला. त्याच ऑफिसातल्या माणसांना बांगडा पाहिजे, जी तोंड वाकडं करत होती. आणि धाकट्यानं काय केलं? ओट्यावर बांगडा मांडला. दादाच्या बाजूला. वर पाटी लावली, दादाचा बांगडा. अक्षर पण चांगलं काढून घेतलं कुणाकडून.

ही बातमी वहिनीला दूधवाल्यानं दिली. तिनं दूध ओतून घेतलं, गॅस बंद केला आणि बाजारात गेली. दोन पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या.

ओट्यासमोर गिऱ्हाइकांची गर्दी. धाकटा सांगत होता, "आमच्या दादाची पसंती ही, दुसरं खायचाच नाही तो." वहिनीला बघून त्याचं तोंड पडलं, मग लगेच डोळे पुसायला लागला.

वहिनीनं बांगडा बघितला. खालच्या कडेला, पाण्यात. पापलेटवर कोरडा चुरा.

तिनं फावडं उचललं. पापलेटवरचा बर्फ ओढला आणि बांगड्यावर टाकला. एकदा, परत, परत. पापलेटं उघडी पडली.

"वहिनी! अहो वहिनी, काय करताय? महाग माशाला आधी, बाबांनी घालून दिलेलं आहे."

"तुमच्या बाबांनी मला काही घालून दिलेलं नाही."

"लोक बघतायत."

"बघू देत. भाऊजी, या ओट्यावर परत बांगडा दिसायचा नाही, असं कोण म्हणालं होतं? साक्षीला कोण होतं? मी होते. आता हा काय दिसतोय, भोपळा?"

बाजारातले सगळे ऐकत होते, आणि ठरलं होतं ते त्यांच्यासमोरच ठरलं होतं.

"तुम्ही मोडलंत. म्हणजे अर्धा ओटा ह्यांचा तो ह्यांचाच," वहिनी म्हणाली. "उठा तिथून. आणि ती पाटी काढा. त्यांचं नाव विकायला काढायचं नाही."

तो उठला. पाटी त्यानंच काढली.

वहिनी रोज बसते आता तिथं. पेटी ती उघडते, पहिलं फावडं बांगड्यावर. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, गिऱ्हाइकाचे सुटे पैसे सुद्धा मधल्या माणसाकरवी देतात. वहिनीला नीट कापता येत नाही, बोटाला पट्ट्या असतात कायम. काल एक बाई आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "चांगला आहे का हो हा? वास येतो म्हणतात."

"येतो," वहिनी म्हणाली. "माशाचा येतो. आज नेलात तर आजच खायचा. उद्यावर ठेवणार असाल तर नेऊ नका, मी देणारच नाही."

बाई घुटमळल्या, पलीकडे बघितलं. धाकटा हसून पुढं झाला.

वहिनीनं एक बांगडा डोकं धरून आडवा धरला. शेपूट खाली वाकली नाही.