मराठीत मागेल त्याचीच कॅसेट

आमच्या तंजावूरहून मोटारीनं कोल्हापूर गाठायचं असेल, तर रस्त्यापेक्षा आधी कॅसेटचं ठरवा. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा नव्वदीचं दशक होतं, मारुती नवी होती आणि त्रिचीच्या दुकानातून बसवून घेतलेला टेप तिच्याहून नवा. कोल्हापुरात दिलेल्या माझ्या अक्काच्या मुलीचं लग्न होतं. तुळजा, माझी अकरा वर्षांची लेक, घरात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आमची तंजावुरी मराठी सगळी समजे, पण उत्तर तमिळमध्ये देई. ती मावशीशी मराठीतच बोलेल, असं मी ठरवलं. म्हणून नियम केला: जो मराठीत मागेल, त्याचीच कॅसेट लागेल.

पहाटे निघालो. करूरपर्यंत रस्ता बैलगाड्यांचा, दहीभात सोबत घ्याच. यजमानांना त्यांचं कर्नाटक संगीत हवं होतं, पण घाईत तोंडून तमिळ निघालं आणि त्यांची पाळी गेली. तुळजानं तर तोंडच उघडलं नाही. सेलमपर्यंत माझीच अभंगांची कॅसेट उलटसुलट वाजत राहिली. नामक्कलला कॉफी पिताना यजमान म्हणाले, देवालाही आता कंटाळा आला असेल. मी हट्टी आहे हे त्यांना लग्नाआधीच कळायला हवं होतं.

होसूरच्या अलीकडे मागून आवाज आला, "अम्मा, मज माझं पाटू होणा."

होणा म्हणजे हवं, आणि पाटू म्हणजे गाणं. शब्द तमिळ असला, तरी वाक्य आमचं मराठीच. मी ताबडतोब तिची सिनेमाची गाणी लावली. बंगळुरूला मुक्काम केला. बसस्टँडजवळची लॉज स्वस्त आहेत, पण खोली रस्त्याकडची घेऊ नका. दुसऱ्या दिवशी दावणगेऱ्याच्या लोणी डोशापर्यंत तुळजा इतकी बोलली, की गाणी ऐकूच आली नाहीत. मला आनंद मावेना.

कोल्हापुरात तिनं अक्काला पाणी मागितलं, तेही मराठीत. अक्काच्या डोळ्यांत पाणी आलं. पण अक्काच्या जावांच्या मुली तिच्या बोलीला हसल्या. "परत म्हण ना," असं करत त्यांनी तिच्याकडून तेच वाक्य तीन-चारदा वदवून घेतलं. दुष्टपणा नव्हता त्यात, पण तुळजा गप्प झाली. मग मीही बिचकले. मांडवात विहिणींशी मोडक्या हिंदीत बोलले. तांबडा रस्सा जरूर खा. मला त्याची चव आठवत नाही.

परतताना बेळगाव ओलांडल्यावर मी न विचारता तमिळ गाणी लावली. वाटलं, पुरे झाला तो नियम. तुळजानं मागून हात घालून टेप बंद केला.

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली.

"राहू दे गं. हसतात लोक."

"हसू दे. आमच्या मराठीत विचार."

यजमान आरशात बघत राहिले. मी विचारलं. माझा आवाज तिच्यापेक्षा बारीक निघाला.

पुढे चाळिशी उलटल्यावर मी देवनागरी शिकले, म्हणून हे लिहू शकते. पण त्या प्रवासातलं मनात राहिलं ते घरी पोचल्यानंतरचं. राजवाड्यामागच्या एसटीडी बूथवरून अक्काला सुखरूप पोचल्याचं कळवायचं होतं. रिसीव्हर तुळजानं घेतला. पलीकडे त्याच मुलींपैकी एक होती. तुळजा आमच्या मराठीत बोलली तसं पलीकडचं हसू मलाही ऐकू आलं. तिनं ते संपेपर्यंत वाट पाहिली आणि पुढचं वाक्य बोलली.