वंदनाला ताप आला नव्हता

राळेगावच्या आमच्या रविवारच्या लेखनवर्गात आज सासू-सुनेचं भांडण झालं, असं ऐकल्याचं वर्गाला न आलेल्या दोघींनी दुपारीच मला फोन करून सांगितलं. भांडण झालेलं नाही. वर्ग मी घेते, म्हणून काय झालं ते मीच लिहिते.

विषय होता स्वतःच्या आयुष्यातला प्रसंग. वंदनाने वाचलं: लग्नानंतर बारावीच्या पेपराच्या दिवशी ताप आला आणि परीक्षा हुकली. मी म्हटलं, "तापाबद्दल एकच वाक्य आहे. पडल्या पडल्या काय दिसत होतं, ते सांग." ती वही मिटू लागली.

तिची सासू सोबत आली होती, मागे बसली होती. ती म्हणाली, "खोटं काहून लिहून राह्यली वं? ताप कुठी होता तुले? मीच तं खोलीत कोंडलं होतं."

"आई, मले त्याच घरात राह्यचं हाये."

"मंग राह्य ना! कोन हाकलून राह्यलं? कोंडलं ते लिही. काहून कोंडलं, ते मी सांगतो."

मी म्हटलं, "तुम्हीही लिहा."

"मले कुठी येते लिहिता, बाई?"

"वंदना लिहील. तुमचा एक शब्दही बदलणार नाही."

आपल्या माणसाबद्दल लिहिलेलं त्याच्यासमोर वाचायची तयारी तुमच्यापैकी किती जणांची आहे? खरं सांगा.

संध्याकाळी वंदनाने दोन निबंध आणून दिले, दोन्ही तिच्याच अक्षरात. सासूबाईंचा असा सुरू होतो: "हे पास होऊन नोकरीले गेली असती, तं मी घरात एकटी पडली असती."