आंबट झालेली माती

आमचे सासरे चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचे. उभा जन्म त्यातच गेला. गल्लीत सगळे त्यांना भिंगवाले म्हणतात, आणि ते कोणालाच फारसं काही म्हणत नाहीत. घरात बोलायचं खातं सासूबाईंकडे होतं. त्या गेल्या आणि घर मुकं झालं. मी तशी बडबडी आहे, पण एकटीनं किती बोलणार!

सासूबाईंच्या हातचं जिवंत असं एकच मागे राहिलं, बैठकीच्या खिडकीतलं रबराचं झाड. दर आठवड्याला त्या ओल्या फडक्यानं त्याचं एकेक पान पुसायच्या आणि पुसता पुसता दरडावायच्या, "सरळ वाढ, मेल्या." त्यांच्यानंतर ते फडकं बाबांनी हातात घेतलं. भिंगं पुसलेला हात तो, पानावर ओरखडा नाही की डाग नाही.

तरीही झाड बिघडलं. खालची पानं शिरांच्या मधून पिवळी पडायला लागली, मग त्यांवर तपकिरी ठिपके आले, मग टपाटप गळायलाच लागली. बाबांचं जेवण कमी झालं. कपडे धुवायला घेतले की त्यांच्या सदऱ्याच्या खिशात वाळलेलं पान निघायचं. एकदा मी विचारलं, "बाबा, हे टाकून देऊ?" तर म्हणाले, "राहू दे. आणि हे झाड काही झालं तरी जगव, पोरी." पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच गोष्ट.

आमच्या ह्यांनी लगेच निदान केलं, झाड उपाशी आहे. खताचा डबा आणला आणि हात सैल सोडून ओतला. चार दिवसांत पानांच्या कडा करपल्या. मी त्यांना असं फैलावर घेतलं, की दोन दिवस ते खिडकीच्या बाजूला फिरकले नाहीत.

मी शाळेच्या प्रयोगशाळेत काम करते. बाटल्या धुणं, द्रावणं मांडून ठेवणं, पोरांनी फोडलेल्या नळ्या वेचणं, हेच. कुंडीतली चमचाभर माती डबीत घालून नेली, शुद्ध पाण्यात ढवळली, निवळू दिली आणि वर आलेल्या पाण्यात रंग बदलणारी पट्टी बुडवली. पट्टी नारिंगी झाली. माती आंबट, आणि तीही भलतीच. अशा मातीत खत असून नसल्यासारखं. पुढ्यात ताट वाढलेलं असावं आणि घास गिळवू नये, तशी गत. वर आणखी खत ओतलं की मुळं पोळतात.

पण आंबट झाली कशी? नळाचं पाणी तेच, शेजारच्या दोन कुंड्या टवटवीत. रात्री जेवताना मी सगळ्यांना दम भरला, "त्या कुंडीत कोण काय ओततंय ते आत्ता सांगा." ह्यांनी गळ्याशपथ, मी नाही म्हणून सांगितलं. बाबा खाली मान घालून भात कालवत राहिले.

रविवारी मी लवकर उठले. बाबा स्वयंपाकघरात होते. त्यांनी दोन कप चहा केला. एक दुधाचा, एक कोरा, त्यात लिंबू पिळलेलं. दोन्ही कप घेऊन खिडकीशी बसले. स्वतःचा प्यायले. मग दुसऱ्या कपाला बोट लावून बघितलं, निवलाय याची खात्री केली आणि हळूच कुंडीत ओतला.

शेवटच्या वर्षी डॉक्टरांनी सासूबाईंचं दूध-साखर तोडलं होतं. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा बाबा चहा करायला शिकले. रोज सकाळी त्यांच्यासाठी कोरा चहा करायचे. त्या घोट घ्यायच्या आणि म्हणायच्या, "झकास झालाय हो."

मी दारातच उभी. सांगू की नको? नाही सांगितलं तर झाड जातं, सांगितलं तर हा माणूस कोलमडतो. शेवटी शेजारी जाऊन बसले आणि सांगून टाकलं. "बाबा, लिंबानं आणि चहानं माती आंबट झालीय. रोजचं ते त्याला सोसत नाहीये."

त्यांनी रिकामा कप खाली ठेवला. "म्हणजे मीच," एवढंच म्हणाले. मी त्यांचा हात धरला आणि दोघंही रडलो.

मग कामाला लागलो. वरची माती खरवडून काढली. कुंडी मोरीत नेऊन पाणी खालून स्वच्छ येईपर्यंत ओतत राहिलो, जास्तीचं खत वाहून जावं म्हणून. चांगल्या मातीत बागेची चुनखडीची पूड चिमटी-चिमटीनं मिसळून ती वर भरली. शेजारीण म्हणाली, डबीतला चुना घाला की. मी म्हटलं, बाई गं, मुळं जाळायचीत का? पट्टीचा रंग हिरव्याकडे झुकेपर्यंत खताला हात लावायचा नाही, मग द्यायचं तेही अगदी पातळ करून. बाबा पट्टी उजेडात धरून भिंगातून बघायचे.

माती बदलली त्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी ओट्यावर पुन्हा दोन कप होते. हाताची सवय, दुसरं काय. बाबा कोरा चहा घेऊन झाडापाशी गेले आणि तसेच थबकले. ओतता येईना, मोरीत फेकवेना. मग त्यांनी तो स्वतःच्याच तोंडाला लावला.

त्यांचा चेहरा एकदम कसनुसा झाला. चहा उकळून उकळून कडूजहर झालेला, त्यात अख्खं लिंबू. त्यांनी तो कधी चाखलाच नव्हता.

"हे प्यायची ती?" ते माझ्याकडे वळले. "वर्षभर? आणि झकास म्हणायची?"

"एकदा तरी सांगायचं ना गं," ते झाडाकडे बघून म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि एकेक घोट घेत त्यांनी तो कप संपवला, अगदी तळापर्यंत.