पिवळ्या पिशवीतली कवळी

महाराष्ट्राच्या हद्दीला खेटून असलेल्या एका छोट्या खाजगी दवाखान्यात मी सात वर्षं नर्स होते. गावाचं नाव सांगत नाही. डॉक्टर अजून तिथंच आहेत आणि त्यांचा स्वभावही तोच आहे.

दवाखान्याचा कचरा माझ्याकडे होता. त्यासाठी मला बिदरला दोन दिवस प्रशिक्षणाला पाठवलं होतं. तिथलं जेवण चांगलं होतं. परत आल्यावर मी भिंतीवर तक्ता चिकटवला आणि झाडलोट करणाऱ्या अक्काला धडे द्यायला लागले. रक्ताचा कापूस, पट्ट्या पिवळ्या पिशवीत. प्लास्टिकच्या नळ्या लाल पिशवीत. सुया पांढऱ्या डब्यात. आणि तोंड बांधलेली पिशवी पुन्हा कधीच उघडायची नाही. अक्का माझ्याहून वीस वर्षांनी मोठी. तिला मराठी, कन्नड आणि दखनी अशा तिन्ही भाषांत शिव्या येत. ती मुकाट्यानं ऐकायची.

ऐकायची, कारण एकदा पिवळ्या पिशवीतली सुई तिच्या अंगठ्यात घुसली होती. सहा महिने तिचं रक्त तपासलं. काही निघालं नाही, पण तेवढे दिवस तिनं नातीला कडेवर घेतलं नाही. "अक्का, कडेवर घेतल्यानं काही होत नाही," असं मी किती वेळा सांगितलं. "तुमच्या पुस्तकात न्हाई होत," एवढंच ती म्हणायची.

तर जवळच्याच मेहकर गावचे एक अप्पा हर्नियाच्या ऑपरेशनला आले. भूल द्यायच्या आधी कवळी काढावी लागते. मी ती काढली, गॉजमध्ये गुंडाळली आणि ट्रेमध्ये ठेवली. ऑपरेशन झालं. नंतर ट्रे कुणी आवरला? मीच. रक्ताळलेल्या गॉजचा सगळा ढीग एका हातानं पिवळ्या पिशवीत लोटला आणि पिशवीला गाठ मारली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पांनी बोळक्या तोंडानं विचारलं, "माय, माझे दात कुठं हायती?"

मी घड्याळाकडे पाहिलं. कचऱ्याची गाडी दहाला येते आणि तेव्हा साडेनऊ झाले होते.

"आणते अप्पा, धुवायला ठेवलेत," मी बेधडक खोटं बोलले.

"लवकर आणा. दुपारी व्याही यायलेत बघायला."

मी मागच्या खोलीत धावले, हातमोजे घातले आणि पिशवीची गाठ सोडायला लागले. तेवढ्यात अक्कानं माझं मनगट धरलं.

"काय करायलाव?"

सांगावं लागलं. ती आधी पोट धरून हसली, मग एकदम थांबली. "हात घालू नगा. आत काय असंल ते तुमाला ठाव न्हाई, मला ठाव हाय."

तिनं जमिनीवर प्लास्टिक अंथरलं, आपले जाड रबरी मोजे चढवले आणि पिशवी त्यावर हळूच पालथी केली. मग लांब चिमट्यानं एकेक गॉज बाजूला करत गेली. गाडीवाला बाहेर हॉर्न वाजवत होता, त्याला तिनं आतूनच कन्नडमध्ये काहीतरी ऐकवलं. हॉर्न थांबला.

आधी सापडल्या दोन उघड्या सुया. टाके घालायच्या, वाकड्या. त्या डॉक्टरच टाकतात, दुसरं कुणी हात लावत नाही. माझा हात पिशवीत गेला असता तर अक्काचे ते सहा महिने माझ्याही वाट्याला आले असते. कवळी सगळ्यात खाली निघाली, माझ्याकडे बघून दात विचकत.

अक्कानं त्या सुया चिमट्यानंच स्टीलच्या ट्रेमध्ये घेतल्या आणि तडक डॉक्टरांच्या केबिनमध्ये गेली. पेशंट बसलेला होता. "डॉक्टरसाब, हे तुमचं ऱ्हायलं व्हतं," म्हणाली आणि ट्रे त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला. डॉक्टर लालबुंद झाले. "सॉरी" हा शब्द त्यांच्या तोंडून मी सात वर्षांत तेवढा एकदाच ऐकला.

कवळी मी औषधाच्या पाण्यात बुडवून ठेवली, मग दहादा धुतली आणि अप्पांना खरं काय ते सांगितलं. वाटलं, आता तोंडावर फेकून मारतात. ते म्हणाले, "रगत माझंच व्हतं न्हवं? मग कामून घाबरायलीस?" आणि त्यांनी कवळी तोंडात बसवली. क्लोरिनच्या वासानं त्यांचे डोळे पाणावले.

व्याही आले. तोंड उघडलं की वास येतोय म्हणून अप्पा ओठ घट्ट मिटून, डोळ्यांत पाणी घेऊन बसले. हसले नाहीत की बोलले नाहीत. व्याह्यांना वाटलं, माणूस मनातून दुखावलाय. ते चुळबुळले आणि शेवटी हात जोडून म्हणाले, "नातवाच्या बारशाला तुमास्नी बोलवायचं ऱ्हाऊन गेलं, चूक झाली आमची."

अप्पांनी गंभीरपणे मान हलवून माफी दिली.

व्याही गेल्यावर त्यांनी कवळी काढून खिशात टाकली. "हे निस्तं दाखवायला हाय, माय. आता उप्पिट आण. नीट खातो."